पैऱ्याची सुगी

राजारामपुरीत ऋतू कळायला फारसं साधन नाही. आमच्या गल्लीत बारा महिने क्लासचे फलक तेच, दवाखान्यासमोर आडव्या-तिडव्या लावलेल्या दुचाक्या त्याच आणि रिक्षांचे हॉर्नही तेच. उन्हाळा कळतो तो वीजबिलावरून. थंडी पडली हे दूधवाल्याच्या कानटोपीवरून समजतं. पण दिवाळीची सुट्टी संपत आली की एखाद्या सकाळी पिंजराने, म्हणजे भाताच्या वाळल्या पेंढ्याने, भरलेला ट्रॅक्टर गल्लीतून जातो. शहराच्या कडेला अजून गोठे आहेत, तिकडे चाललेला असतो. गतिरोधकावर तो उसळतो, मूठभर पिंजार रस्त्यावर सांडतं आणि दुपारपर्यंत त्याचा वास राहतो. कोरडा, जरासा गोड, उन्हात टाकलेल्या गादीसारखा. परवा तो वास आला आणि मी हातातली पिशवी खाली ठेवून तशीच उभी राहिले. गेल्या वर्षीची सुगी अंगाला पुन्हा टोचायला लागली.

टोचायला हा शब्द मी शोभेसाठी वापरलेला नाही. भाताच्या लोंबीला कूस, म्हणजे बारीक काटेरी केस, असते. पेंढी छातीशी धरून दहा पावलं चाललं की मानेपासून कोपरापर्यंत खाज सुटते आणि ती रात्रीच्या अंघोळीनेही पुरती जात नाही. हे मला वयाची पंचेचाळिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. भात मी आयुष्यभर खाल्ला, पण तो किलोवर विकत घेऊन.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकडा जुळल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, ही सवय घरीही सुटत नाही. माझ्या मुलीच्या, सायलीच्या, शाळेत खोत सर म्हणून व्यायामाचे शिक्षक आहेत. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी ते नववीच्या मुलांना शाहूवाडीकडे शिबिराला नेतात. थोडं डोंगर चढणं, थोडं दोरावरून उतरणं, नकाशा वाचायला शिकणं आणि एक दिवस गावाच्या उपयोगाचं काही काम. गेल्या वर्षी मुलींबरोबर एक आई हवी होती. सायलीने मला न विचारता माझं नाव दिलं. घरी येऊन म्हणाली, "तुझं नाव सांगून आलो मी. सर म्हणाले, मोजायला पक्कं माणूस पाहिजे." कोल्हापूरच्या मुली 'आलो-गेलो' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांनी समजून घ्यावं.

तर माझं काम मोजण्याचं होतं. तीस मुलं. चढताना तीस, ओढ्यावर तीस, सड्यावर पोचल्यावर तीस. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. पावसाळ्यात तिथे रानफुलं असतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा गवत गुडघ्याएवढं वाळलं होतं, दगड तापला होता आणि वारा असा होता की कुणाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी जावं लागे. पठाराच्या एका कडेवरून सरांनी दोर सोडला. हुपरीहून रोज एसटीने शाळेला येणारी अल्फिया पहिली उतरायला उभी राहिली. तिचे वडील घरी चांदीचे पैंजण घडवतात. घुंगराच्या कडीत झटक्यात तार ओवणारी ही मुलगी दोराची गाठ मात्र तीनतीनदा ओढून बघत होती.

"सर, खाली बघू का नको?"

"बघ की. काय दिसणार हाय? जमीनच हाय."

"जमीनच हाय म्हणून तर विचारतोय!"

ती उतरली. नंतर सगळे उतरले. उतरून वर आलेलं प्रत्येक पोर आपले लाल तळवे दुसऱ्याला दाखवत होतं.

दुपारी सरांनी मुलांना कडेला ओळीत बसवलं आणि सांगितलं, खाली जे दिसतंय ते कागदावर उतरवा. ओढा, पायवाट, घरं, भाताची खाचरं. मी मागे फिरून कागद बघत होते. कुणाचा ओढा सापासारखा, कुणाची घरं काड्यापेट्यांसारखी. पण एक गोष्ट सगळ्यांच्या कागदावर होती. खालची सगळी खाचरं कापून मोकळी झालेली, मातकट, आणि वाडीच्या टोकाला एकच चौकोन पिवळाधमक उभा. सायलीने त्यावर पेन्सिल ठेवून विचारलं, "सर, हे एकच का ऱ्हायलंय?"

सरांना माहीत नव्हतं. डोंगरावरून बघितलं नसतं तर मुलांनाही दिसलं नसतं. रस्त्याने गाडीतून जाताना पिकलेलं शेत दिसलं की आपण नुसतं छान म्हणतो.

आमचा मुक्काम वाडीच्या प्राथमिक शाळेत होता. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेच्या भिंती रंगवायच्या, असं सरांचं ठरलं होतं. रंगाचे डबे गाडीतून उतरवून व्हरांड्यात ठेवलेही होते. संध्याकाळी शेजारचे आनंदातात्या आमच्यासाठी कढीचं पातेलं घेऊन आले. सायलीने त्यांना गाठलंच.

"ते भात? ते सुमनचं," तात्या म्हणाले. "तिच्या मालकाचा, बाळूचा पाय मोडला की आषाढात. मांडीत सळ्या घातल्या. रोपं लावायच्या टायमाला घरात गडीच न्हाय, मग आमी सगळ्यांनी मिळून तिची लावण काढली. पैऱ्यानं."

पैरा म्हणजे काय, हे अर्ध्या मुलांना सांगावं लागलं. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या शेतात. मजुरी नाही, उपकार नाही. दिवसाला दिवस.

"मग आता कापणीला पण करा की पैरा," सायली म्हणाली.

"आमी न्हाय म्हणतोय व्हय? तीच घेत न्हाय. म्हणती, आदी लावणीचे दिवस फेडतो, मग माझं बघतो. गेल्या पंधरवड्यापास्नं ती आमच्या समद्यांच्या रानात कापत हाय आणि तिचं उभं हाय. सांगून दमलो, बाई." तात्यांनी आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला काळसर ढग साठले होते. "पाऊस आला तर आडवं हुईल. न्हाय आला तर जंगलातलं गवं हाईतच. काल वरच्या अंगाला फिरून गेल्यात."

वर्षभराचं खाणं त्या एका चौकोनात होतं. हे तात्यांनी सांगितलं नाही. ते कुणीही समजू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे तसेच ठेवून आम्ही सगळे सुमनताईंच्या दारात उभे राहिलो. त्या इळा कमरेला खोचून दुसऱ्याच्या रानात निघाल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. डोक्याला बांधलेला पंचा, पायात नवऱ्याच्या मोठ्या चपला. बाळू पडवीत खाटेवर पाय लांब करून बसलेले.

खोत सर भल्या मनाचे आहेत, पण भाषण केल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "ताई, ही आमची मुलं सेवा करायला आली आहेत," ते म्हणाले. "तुमचं भात आम्ही आज कापून देतो. आम्हाला काही नको."

सुमनताईंनी मुलांवरून नजर फिरवली. "काई नको?"

"काही नको. सेवा आहे."

"सेवा देवाची करत्यात, गुरुजी. मी काय देव हाय व्हय?" आणि मग जरा मऊ होऊन, "पोरं गुणाची हाईत. पर फुकटचं न्हाय चालत आमाला. च्या घेऊन जावा."

सर गोंधळले. तीस मुलं अंगणात उभी होती आणि कोंबड्या त्यांच्या बुटांच्या नाड्या टोचत होत्या. मला त्या क्षणी सुमनताईंचं पटलं, हे कबूल करते. उद्या कुणी माझ्या दारात येऊन म्हणालं की आम्ही तुमची सेवा करायला आलोय, तर मीही दार लावून घेईन.

बोलली ती अल्फिया. "काकी, मग आमच्यासंगं पैरा करा की."

"तुमचं रान कुठं हाय गं?"

"रान न्हाय. पण काम हाय."

"बळंच काढलेलं काम मी करणार न्हाय," सुमनताई म्हणाल्या. "खरं काम पायजे. जे माझ्याबिगर अडतंय."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शाळेची बाग म्हणावं तर शाळेला बाग नव्हती. कुणीतरी गृहपाठ म्हणालं आणि हशा झाला. तेव्हा मी बोलले. मला गंमत करायची नव्हती, जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, आमच्याकडे वर्षाची चटणी अडते. सासूबाई होत्या तोवर घरात होत होती. मिरच्यांचे देठ काढायचे, उन्हात घालायच्या, खोबरं-धणे-तीळ भाजायचे, लसूण सोलायचा, कांदा तळायचा, मग डंकावर कुटायला न्यायचं. आता नोकरी सांभाळून एकटीला उरकत नाही. पाच वर्षं विकतची आणतोय आणि पाच वर्षं घरातले नाक मुरडतायत. या तीस मुलांतल्या निम्म्यांच्या तरी घरी हीच रड आहे. मुलांनी जोरजोरात माना हलवल्या.

सुमनताईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. बाई खोटं बोलते का, हे त्या तपासत होत्या. मग पायरीवर बसल्या. "चटणीचं काम खरं हाय," त्या म्हणाल्या. "बोला. किती पोरांचा एक गडी धरायचा?"

"चारांचा."

"चार? अवो, पोरं हाईत का चिमण्या? दोनाचा एक धरा."

"दोनाचा कसा? यातल्या निम्म्यांनी इळा आज पहिल्यांदा बघितलाय. तुडवतील, सांडतील, ते कोण भरून देणार? चारच."

"तुमी माझ्या बाजूनं का बोलाय लागलाय?"

"मी बाजू बघत नाही, हिशेब बघते."

"ए, काकू आमचा भाव पाडाय लागल्यात की!" अल्फिया ओरडली. खाटेवरून बाळू पहिल्यांदाच हसले. तात्या मध्ये पडले आणि तिघांचा एक गडी ठरला. म्हणजे मुलं एक दिवस राबली की दहा गड्यांचा एक दिवस. सुमनताईंनी तो आकडा मनाशी एकदा म्हटला, उठल्या, आणि ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांना 'आज येत न्हाय' असा निरोप धाडला.

त्या दिवसाचं आता मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. उभ्या भाताच्या आत शिरल्यावरचा उबारा. मोठ्या मुलांच्या हातात इळे आणि सरांच्या हातात मलमपट्टीची पेटी. कापताना होणारा करकर आवाज, म्हैस चरावी तसा. बाळूंना चौघा मुलांनी खाटेसकट उचलून बांधावर आणलं. तिथे बसून ते पिंजराचे बंद वळून देत होते. "आरं, पेंढी बांधतोयस का बुटाची नाडी?" हे त्यांचं पालुपद. वाडीतली माणसं आपापली कामं टाकून बांधावर येऊन बसली. पोरांची कापणी बघून मनसोक्त हसली आणि हसता हसता दुपारनंतर तीही रानात उतरली. सुमनताईंनी एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमी कशापायी?" तात्या म्हणाले, "आमी पोरांच्या पैऱ्यात हाय. तुझा काय संबंध?"

कापून झाल्यावर खाली सांडलेल्या लोंब्या वेचायच्या असतात. त्याला सरवा म्हणतात. सांडण्यात मुलांनी कसर ठेवली नव्हती, त्यामुळे सरवाही भरपूर निघाला. वर्गात जिला नीट लिही म्हणून रोज सांगावं लागतं, ती माझी मुलगी ऊन उतरेपर्यंत वाकून एक एक लोंबी उचलत होती. मी तिला ते करायला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. दिवेलागणीच्या आत भारे पडवीत रचून झाले. पडवी छतापर्यंत भरली, तेव्हा सुमनताईंनी त्यावर नुसता हात टेकला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

पाऊस आला नाही. हे मला स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण अशा आठवणींत लोक पाऊस आणतात. ढग रात्रीतून कुठेतरी निघून गेले. मात्र सकाळी मुलं रानात गेली तेव्हा कापणीनंतर उरलेल्या धसांतून, खुंटांतून, आरपार गव्यांच्या खुरांची वाट उमटलेली होती. बशीएवढाले खूर. मुलं एकेका ठशात आपला बूट ठेवून माप घेत होती. मग आम्ही शाळेची एक भिंत रंगवली, कारण एकीपुरताच वेळ उरला होता.

परीक्षा संपल्यावर, उन्हं कडक झाली तेव्हा, सुमनताई आल्या. एकट्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर वाडीतल्या आणखी चौघीजणी होत्या, ज्यांच्याकडे आता सुमनताईंचा पैरा निघत होता. पाचजणी, दोन दिवस. दहा पुरे. सरांनी मुख्याध्यापकांना विचारून शाळेचं अंगण मिळवलं होतं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग चादरींवर पसरले. आमच्याकडच्या आया आल्या, मुलं आली. भाजणीचा ठसका गेटच्या बाहेर पोचला आणि रस्त्यावरचे रिक्षावाले शिंकत, शिव्या देत, 'कुणाची चटणी?' म्हणून विचारत गेले. सायलीच्या बोटांची आग होत होती. तिने हात पाण्यात घातला, तशी सुमनताई म्हणाल्या, "पाणी नगं, तेल लाव. आन इळा धरलेला हात हाय, एवढ्यानं रडतोय व्हय?" अल्फियाच्या अम्मींनी हुपरीहून लसणाची पिशवी पाठवली होती, आणि चटणीत खसखस घालायची की नाही यावरून दोन आयांचं असं काही वाजलं की त्या अजून एकमेकींशी मोजकंच बोलतात.

दुसऱ्या संध्याकाळी डंकावरून शेवटचा डबा आला. मी समाधानाने म्हणाले, "दहा झाले, सुमनताई. फिटलं."

त्यांचा चेहरा उतरला. "फिटलं म्हणू नये," त्या म्हणाल्या.

बाकीच्या चौघी संध्याकाळच्या एसटीने गेल्या. सुमनताई माझ्याकडे राहिल्या आणि सकाळी उठून, मी नको नको म्हणत असताना, शाळेचं अंगण धुऊन काढलं, उरलेला लसूण सोलला, माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या पुसून उन्हात ठेवल्या. दुपारी पदराला हात पुसत म्हणाल्या, "आता माझा अर्धा दिवस तुमच्याकडं निघतोय. ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवला आणि बरेच दिवस त्यावर विचार केला. माझ्या कामात दोन्ही बाजू जुळल्या की आम्ही खाली दुहेरी रेघ मारतो आणि सुटकेचा श्वास सोडतो. सुमनताईंच्या हिशेबात दोन्ही बाजू जुळल्या की माणसं एकमेकांना सुटतात. म्हणून त्या अर्धा दिवस मुद्दाम पुढे ठेवतात. शाळेने मुलांना समाजसेवेची प्रमाणपत्रं दिली, ती सायलीने जपून ठेवली आहेत. त्यात खोटं काही नाही. पण सेवा करणाऱ्याला काही मागता येत नाही आणि घेणाऱ्याला मान वर करता येत नाही, ही अडचण त्या सकाळी कोंबड्यांच्या गर्दीत तीस मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, आणि तिच्यातून वाटही त्यांच्यातल्याच एकीने काढली. पुस्तकातून हे कसं शिकवतात, मला माहीत नाही.

आता सायली दहावीत आहे. घरात वेळापत्रकं चिकटवलेली आहेत. सकाळी एक क्लास, संध्याकाळी दुसरा. परवा ट्रॅक्टर गेला त्याच दिवशी जेवताना फोन वाजला. सुमनताई.

"भात पिकलंय. मालक कापाय उभं राहत्यात आता, पर वाकवत न्हाय. आन आभाळ आलंय. शनवारी या."

जमलं तर या, असं त्या म्हणाल्या नाहीत. वेळ असला तर, अडचण नसली तर, असंही काही नाही. गेल्या सुगीत शेजाऱ्यांना हाक मारायला जी बाई तयार नव्हती, ती मला कोल्हापुरात फोन करून हुकूम देत होती. मला इतका आनंद झाला की घास हातातच राहिला.

"पोरांची दहावी आहे," मी म्हणाले.

"व्हय? मग जी येतील ती. तुमी तर दहावी झालाय न्हवं?"

सायलीने फोन माझ्या हातातून घेतला. "काकी, मी येतो. शनिवारचा क्लास रविवारी भरून काढतो." त्या रात्री मुलांचे एकमेकांना फोन गेले. पालकांत कुरकुर झाली. काहींनी साफ नाही म्हटलं, आणि त्यांचंही चूक नाही. तरी नऊ मुलं तयार झाली. अल्फिया हुपरीहून परस्पर येणार आहे. खोत सर गाडी ठरवतायत.

मी शनिवारची रजा मागायला आमच्या व्यवस्थापक साहेबांकडे गेले. शनिवारी आमच्याकडे गर्दी असते आणि मी सहसा रजा घेत नाही, म्हणून त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कारण काय, मॅडम?"

"भात कापणी."

"शेत घेतलं काय?"

"शेत नाही. पैरा आहे. शाहूवाडीत."

साहेब स्वतः शेतकऱ्याच्या घरातले आहेत. त्यांनी लगेच पेन उघडलं. "मग आदी सांगायचं की," म्हणत सही केली. कागद माझ्याकडे सरकवताना मात्र थांबले.

"भात कंचं हाय?"

वर्षभर मी ते भात छातीशी धरल्याचं सगळ्यांना सांगत फिरले, आणि त्याच्या वाणाचं नाव मला माहीत नव्हतं. साहेबांना म्हटलं, शनिवारी विचारून येते.